कानात गाणे, पुढ्यात पुस्तक



हे सदर पिकांचे. खते, कीड, पाणी आणि बाजार यांपलीकडे ते सहसा जात नाही. या वेळचा विषय मात्र वेगळा आहे आणि तो मी निवडलेला नाही. तो माझ्या गळ्यात पडला.

गेल्या सप्टेंबरात एका माध्यमिक शाळेत परसबागेच्या कामासाठी गेलो होतो. वाफे कसे पाडावेत, मुळा, मेथी आणि पालक कोणत्या क्रमाने पेरावेत, हे मुलांना दाखवून निघालो, तर मुख्याध्यापकांनी थांबवून घेतले. पालक सभा होती. "बसा जरा, चहा घेऊन जा," म्हणाले. चहा आला, तो गार झाला, आणि सभा अशी तापली की उठताही येईना.

भानगड अशी होती. शाळेत रोज शेवटचा तास स्वयंअध्ययनाचा असतो. बाई वर्गात असतात पण शिकवत नाहीत. मुलांनी आपापले वाचायचे, गणिते सोडवायची. लांबच्या वस्तीवरून येणाऱ्या काही मुलांकडे मोबाईल असतो. एसटी चुकली तर घरी कळवता यावे म्हणून पालकांनीच दिलेला. त्या तासाला दहावीतली तीन-चार मुले कानात इअरफोन घालून बसू लागली. बाईंनी काढायला लावले. मुले म्हणाली, "बाई, गाणं लावलं की अभ्यास चांगला होतो. लक्ष इकडेतिकडे जात नाही." बाईंनी ऐकले नाही, मुलांनी घरी सांगितले, आणि गोष्ट सभेपर्यंत आली.

एक पालक म्हणाले, "गाणं ऐकत का होईना, पण पोरगं बसतंय ना एका जागी? घरी तर बूड टेकत नाही." दुसरे ताडकन म्हणाले, "उद्या म्हणतील, सिनेमा बघत अभ्यास चांगला होतो!" तिसरे गृहस्थ दूध घालणारे, माझ्या जुन्या ओळखीचे. ते बाईंकडे न बघता माझ्याकडेच वळले. "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, गोठ्यात बारीक आवाजात रेडिओ लावा म्हणून? धारेच्या वेळी गाणं लागलं की आमची म्हैस कशी निवांत उभी राहते. जनावराला गाणं मानवतं, मग पोराला का नको?"

सभा हसली. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि उत्तर मला येत नव्हते. आमच्या खात्यात एक शिस्त असते, चाचणी घेतल्याशिवाय शिफारस करायची नाही. तेव्हा "वाचून सांगतो" एवढेच म्हणालो आणि उठलो. वाचायला आणि पुढे जे घडले ते घडायला दोन-तीन महिने लागले. ते आज सांगतो.

आधी त्या म्हशीचा निकाल लावू. जनावर भेदरले, बुजले की पान्हा चोरते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पान्हा सुटण्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात यावे लागते, आणि भीतीने सुटणारे ॲड्रिनॅलिन त्याला अडवते. रोजचा ओळखीचा, संथ आवाज कानावर असला की अचानक पडलेल्या बादलीचा किंवा कुत्र्याच्या भुंकण्याचा दचका कमी बसतो. इंग्लंडमध्ये २००१ साली लेस्टर विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तर संथ संगीत लावल्यावर गाईमागे दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध वाढल्याचे सांगितले होते. तो आकडा आपल्या गोठ्यात मिळेलच असे मी म्हणत नाही. पण मुद्दा असा की म्हशीचे काम शांत उभे राहण्याचे आहे. तिला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ करायची नसते. गाण्याने मन निवते हे खरे. ते म्हशीचे निवते, तुमचे निवते, मुलाचेही निवते. पण निवलेले मन वाचलेले धरून ठेवते की नाही, हा निराळा प्रश्न.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावरच कामे झाली. अगदी बरोबर. पहाटे जात्यावर बसलेल्या बायांच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. मोटेवर गाणे होते, कापणीला पात धरली की भलरी होती. माझी आई सांगे, ओवी नसती तर पायलीभर दळण उरकलेच नसते. साहेबाच्या देशातही हे ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जूनमध्ये, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास. तो १९६७ पर्यंत चालला. त्यातही पथ्य होते. बहुतेक संगीत बिनशब्दांचे असे. फार रडवे किंवा झोप आणणारे लावत नसत. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' नावाचे एक गाणे तर वगळावे लागले, कारण त्यात टाळ्यांची जागा आली की कामगार हातातला पाना यंत्रावर ठोकू लागत!

आता या सगळ्या कामांत सारखे काय आहे ते पाहा. जाते हाताने फिरते, विळा हाताने चालतो. काम अंगवळणी पडलेले असते आणि मन रिकामे असते. त्या रिकाम्या मनात ओवी बसते. वाचनाचे तसे नाही. तिथे हात रिकामे असतात आणि मनच कामाला जुंपलेले असते.

हे मला शेतातल्या भाषेत नीट कळते. सोयाबीनमध्ये तूर आपण घेतो, चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. का जमते? तूर पहिले दीड-दोन महिने हळू वाढते, तिचे सोटमूळ खोल जाते. सोयाबीन वरच्या थरात खाते आणि शंभर-एक दिवसांत निघून जाते. मग तूर हातपाय पसरते. एकाची भूक दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. पण त्याच वाफ्यात ज्वारी आणि मका एकत्र दाट पेरून बघा! दोघांची मुळे एकाच थरात, दोघांची भूक एकाच वेळी. दोन्ही पिके उभी दिसतील, कणीस मात्र एकाचेही भरणार नाही. दळण आणि ओवी हे सोयाबीन आणि तूर आहे. धडा आणि शब्दांचे गाणे हे ज्वारी आणि मका.

हा केवळ दृष्टान्त नाही. त्याला प्रयोगांचा आधार आहे. आपण वाचतो तेव्हा शब्द मनातल्या मनात उच्चारतो आणि थोडा वेळ तिथेच धरून ठेवतो. बाहेरून आलेले शब्द, आपण लक्ष दिले नाही तरी, त्याच जागेत घुसतात. सालामे आणि बॅडली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे बोलण्याच्या आवाजावर दाखवले, आणि १९८९ मध्ये संगीतावर. डोळ्यांपुढे आकडे दाखवायचे आणि ते क्रमाने आठवायला सांगायचे. शब्दांचे गाणे चालू असताना चुका जास्त होत. नुसत्या वाद्यसंगीताने त्यापेक्षा कमी.

मुले चलाख असतात. ती म्हणतात, "आम्ही कोरियन गाणी ऐकतो, त्यातलं काही कळतच नाही, मग अडथळा कसला?" यालाही जुने उत्तर आहे. कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्येच इंग्रजी भाषकांना न कळणारा जर्मन उतारा ऐकवून पाहिला होता. तरीही अक्षरांचा क्रम लक्षात ठेवताना चुका वाढल्या. दुसरी पळवाट म्हणजे "आवाज बारीक ठेवतो". तीही फारशी उपयोगी नाही. अशा प्रयोगांत आवाज बराच कमी केला तरी अडथळा जवळपास तेवढाच राहतो. त्रास मोठेपणाचा नसून सतत बदलण्याचा असतो. म्हणूनच पंख्याची एकसुरी घरघर किंवा पत्र्यावरची संततधार तितकी आड येत नाही. दर क्षणाला चाल आणि शब्द बदलणारा आवाज आड येतो.

तिसरी पळवाट सगळ्यांत गोड आहे. "मला आवडतं ते गाणं लावलं की माझं लक्ष लागतं." ब्रिटनमध्ये निक पेरहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमके हेच तपासले. क्रमाने आठवण्याच्या कामात आवडते संगीत आणि नावडते संगीत या दोन्हींनी सारखाच बिघाड केला. २०१४ मध्ये त्यांनी उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायला लावली. शब्दांचे गाणे आवडते असो की नावडते, उत्तरे शांततेपेक्षा आणि बिनशब्दांच्या संगीतापेक्षा कमी बरोबर आली. गोड लागते म्हणून पचते असे नाही. उसाचे वाढे जनावर आवडीने खाते. पण केवळ वाढ्यांवर ठेवलेली गाय किती दूध देते ते आपण जाणतो.

यात सगळी मुले एका मापाची नसतात हेही खरे. फर्नहॅम आणि ब्रॅडली यांच्या १९९७ च्या प्रयोगात अबोल, आतल्या स्वभावाच्या मुलांना गाण्याचा त्रास जास्त झाला. बडबड्या, माणसांत रमणाऱ्यांना कमी.

आता 'मोत्झार्ट'बद्दल दोन शब्द, कारण एका पालकांनी मला मोबाईलवर आलेला मजकूरच दाखवला होता की अमुक संगीत ऐकल्याने मुलाची बुद्धी वाढते. या वावडीचे मूळ १९९३ मध्ये आहे. अमेरिकेत फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवली आणि लगेच घडी घातलेल्या, कापलेल्या कागदाचा आकार ओळखण्यासारखी कोडी दिली. गुण थोडे वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. संगीत कोड्यांच्या आधी होते, कोडी सोडवताना नव्हे. आणि मुले लहान नव्हती. पण बातमी अशी फुगली की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढे २००१ मध्ये थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी उलगडा केला: संगीताने मन ताजे आणि प्रसन्न होते, आणि ताज्या मनाने कोडी जरा बरी सुटतात, एवढेच. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या, म्हणजे मोत्झार्टच्याच कर्मभूमीतल्या, संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र तपासून त्या रचनेत विशेष जादू नसल्याचा निर्वाळा दिला. एखाद्या औषधाच्या एका फवारणीने एका शेतात फरक दिसला की गावभर डबे विकणारे आपल्याकडेही फिरतात. तसलाच प्रकार.

एवढे वाचून मी उत्तर तयार ठेवले होते. बाईंचे बरोबर, मुलांचे चूक. नोव्हेंबरात सोयाबीन-तुरीचा प्लॉट बघायला एका शेतकऱ्याकडे गेलो. सभेत "उद्या सिनेमा बघत" म्हणणारे गृहस्थ ते हेच. तूर फुलोऱ्यात होती. कामगंध सापळ्यात घाटेअळीचे पतंग किती पडले ते मोजले, निंबोळी अर्काचे बोलणे झाले आणि घरी चहाला गेलो. तर त्यांची दहावीतली मुलगी डोळे पुसत चुलीपाशी बसलेली. इअरफोनवाल्या तीन-चार मुलांतली ती एक. घटक चाचणीत विज्ञानात गुण कमी पडले म्हणून वडिलांनी फोन काढून घेतला होता. "गुण नाही आले तर अकरावीला तालुक्याला पाठवणार नाही" असेही बोलून गेले होते. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते ते फोनसाठी नव्हते, तालुक्यासाठी होते.

वडील मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही वाचलंय ना?"

मी सांगितले. जे वर लिहिले तेच, थोडक्यात. मुलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, तुमचं पुस्तक खरं असंल. पण मला गाणं लावल्यावर खरंच जास्त लक्षात राहतं. मी खोटं बोलत नाही."

तिचे ते शेवटचे वाक्य मला लागले. शेतकरी जेव्हा म्हणतो, "साहेब, तुमची शिफारस माझ्या रानात चालली नाही," तेव्हा त्याला खोटे ठरवू नये. रान जाऊन बघावे, हे मी तीस वर्षांत शिकलो आहे. तेव्हा म्हटले, चाचणी घेऊ. प्लॉटवर घेतो तशीच.

रीत अशी ठरवली. बारा संध्याकाळी. चार दिवस तिच्या आवडीची गाणी, चार दिवस बासरी, चार दिवस काहीच नाही. कोणत्या दिवशी काय, हे धाकट्या भावाने चिठ्ठी उचलून ठरवायचे. नाहीतर सोपा धडा आणि आवडीचे गाणे एकाच दिवशी येतात. रोज इतिहास, भूगोल किंवा विज्ञानाची पूर्वी न वाचलेली दोन पाने, अर्धा तास. मग पुस्तक मिटायचे, पाव तास जनावरांचे पाणी-वैरण बघून यायचे, आणि आठवेल ते मुद्दे वहीत लिहायचे. ते पुस्तकाशी ताडून मोजायचे काम आईचे. आई सातवी शिकलेली. पण मोजणीत माझ्या खात्यातल्या काही जणांपेक्षा काटेकोर निघाली. तिने तारखेपुढे वेळ आणि 'घरात काय चालू होते' हेही लिहून ठेवले. ते तिला मी सांगितले नव्हते.

बारा दिवसांनी वही बघितली. एका मुलीवरची बारा दिवसांची चाचणी म्हणजे काही संशोधन नव्हे. एका गुंठ्यावरून एकरी उत्पन्न सांगू नये. तरी जे दिसले ते असे. बासरीचे दिवस साधारण मध्यम. गाण्याचे दिवस त्याखाली. मात्र 'काहीच नाही'चे चार दिवस विचित्र. दोन दिवस सगळ्यांत वर, आणि दोन दिवस गाण्याच्या दिवसांच्याही खाली! एकाच वाणाला, एकाच खताला, निम्म्या ओळी हिरव्यागार आणि निम्म्या पिवळ्या पडाव्यात तसे. असे झाले की आम्ही जमीन उकरून बघतो. मी आईच्या नोंदी बघितल्या.

वरचे दोन दिवस कार्तिकातल्या सप्ताहाचे. आजी कीर्तनाला गेलेली, वडीलही तिकडेच, टीव्ही बंद. खालच्या दोन दिवसांपुढे आईने लिहिले होते, 'मालिका. नंतर बातम्या.'

मुलगी बसते ती माजघरात. टीव्ही ओसरीवर, मध्ये दार आहे, पण त्याला पडदाच. साडेसातला आजीची मालिका लागते, ती संपली की वडिलांच्या बातम्या. बातम्या म्हणजे बातम्या नव्हेत, पाच-सहा जण एकाच वेळी ओरडतात तो कार्यक्रम. म्हणजे तिच्यापुढे 'गाणे की शांतता' असा पर्याय कधी नव्हताच. पर्याय होता तो गाणे की सासू-सुनांचे भांडण. त्यात ओळखीचे गाणे बरेच म्हणायचे! दहा वेळा ऐकलेले गाणे निदान नवीन काही सांगत नाही. मालिकेत पुढे काय झाले हे मात्र कान आपोआप टिपतात. मुलगी खोटे बोलत नव्हती. ती पिकाला वाऱ्याचा मारा बसू नये म्हणून कडेला शेवरी लावतो तशी गाण्याची आड करत होती. शेवरीही थोडे खाते, पण वाऱ्यापेक्षा परवडते.

मी वही वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. मीही जास्त ताणले नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीने ठराव केला आणि संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. वर्तमानपत्रांत हे तेव्हा खूप गाजले. मला त्यात आवडले ते हे की बंदी मुलांवर घातली नाही, घरावर घातली. सगळ्या गावाला भोंगा परवडेल असे नाही. पण एका घराला टीव्हीचे बटण परवडते.

आता वर्गाचे. बाईंना मी जाऊन सांगितले ते असे. वाचणे, पाठांतर, उत्तरे लिहिणे यांत कानात गाणे नको, यात तुमचे बरोबर. वर्गात इअरफोन नको याला आणखीही कारण आहे. कान बंद करून बसलेल्याला शेजाऱ्याची शंका ऐकू येत नाही आणि बाईंनी मध्येच सांगितलेला बारकावाही. शिवाय परीक्षेच्या खोलीत गाणे नसते. शांततेत डोके चालवायची सवय आतापासूनच हवी. नकाशा रंगवणे, आकृती स्वच्छ काढणे, कार्यानुभव असल्या कामांना मात्र बाईंनी स्वतः बारीक आवाजात बासरी किंवा सनई लावली तर बिघडणार नाही. ते जात्यावरच्या दळणासारखे काम. पण मुलांना गाणे का लागते ते आधी बघा. बघितले तर त्या वर्गाला मधली भिंत पत्र्याची. पलीकडे पाचवीचा वर्ग शेवटच्या तासाला मोठ्याने कविता म्हणत होता. बाई हसल्या. आता दहावीची मुले त्या तासाला दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत बसतात.

एक गोष्ट आणखी, तिची गफलत होऊ नये. गाण्याबरोबर अभ्यास वेगळा आणि गाण्यातून अभ्यास वेगळा. आमचे गुरुजी पाढे, पावकी, निमकी सुरात म्हणून घेत. तिथे चाल आणि आकडे एकाच जुवाला होते, म्हणून आज पन्नाशी उलटली तरी अडीचकी डोक्यातून जात नाही. मुलगा रसायनशास्त्राची चिन्हे चालीवर म्हणत असेल तर त्याला रागावू नका. अभ्यास संपल्यावर, किंवा तासाभराने पाठ मोकळी करताना, एखादे गाणे खुशाल ऐकू द्या. बसण्याआधी ऐकले तरी चालेल. मन ताजे होते, हे वर आलेच आहे.

आणि कानांची काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सोसतो, लहान मुलांना ७५ डेसिबलचा. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. मोबाईलच्या आवाजाची पट्टी निम्म्याच्या थोडी वर, त्यापुढे नको. रस्त्याने चालताना आणि ट्रॅक्टरवर तर इअरफोन नकोच नको. हे मी मुलांपेक्षा त्यांच्या बापांना आणि चुलत्यांना सांगतो आहे.

मागच्या आठवड्यात तूर काढणीचे बघायला पुन्हा त्या घरी गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. ओसरीवरचा टीव्ही बंद, वडील अंगणात कंदिलाच्या काचा पुसत बसलेले. घरात वीज असताना कंदील कशाला, ते मी विचारले नाही. हाताला काही काम हवे असेल. आत मुलगी पुस्तक घेऊन बसली होती, कान मोकळे. फोन आजीच्या हातात होता आणि मुलीचे इअरफोन आजीच्या कानात. नातीने तिला मोबाईलवर कीर्तन लावून दिले होते. आजी डोळे मिटून डुलत होती. मला बघून उठली नाही. पण कानात आवाज असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, तसे झाले. साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा सुरात ती ओरडली, "अगं, साहेब आलेत! चहा ठेव!"

आतून मुलगी तेवढ्याच जोरात म्हणाली, "आज्जे, हळू बोल की गं! अभ्यास चाललाय!"

आजीला अर्थातच ऐकू गेले नाही. चहा तिच्या वडिलांनी ठेवला. साखर जरा जास्त पडली होती.